चहा-कॉफीच्या कपातले खरे आणि खोटे

पाहुणा दारात आला की आधी तांब्याभर पाणी आणि मग चहा, ही आपल्याकडची रीत. कॉफीचा मान वेगळा. ती रोज होत नाही. कोणाचे डोके धरले, कोणाला चक्कर आली, पोरगा परीक्षेसाठी रात्र जागायला बसला, किंवा थंडीत जायफळ किसून घालावीशी वाटली, म्हणजे कॉफीची पुडी फुटते. त्यामुळे आपल्या घरांत कॉफीला अर्धे पेय आणि अर्धे औषध असे स्थान मिळाले आहे. आणि एकदा एखादी वस्तू औषध ठरली की तिच्याभोवती समजुतींचे जाळे तयार होते. चहाचेही तेच. कोणी म्हणते चहाने माणूस काळा पडतो, कोणी म्हणते कॉफीने दारू उतरते, कोणी जखमेवर कॉफीची पूड भरते.

वाचकहो, या समजुती एकेक करून तपासायला हव्यात. कारण त्यांत एक विचित्र प्रकार आढळतो. ज्या गोष्टींना आपण घाबरतो त्या बहुतेक खोट्या आहेत. आणि जी गोष्ट खरोखर नुकसान करते, विशेषतः घरातल्या बाईचे आणि लेकराचे, तिच्याकडे कोणाचे लक्षच नाही.

कपात असते तरी काय?

चहा आणि कॉफी ही दोन वेगळी झाडे. एकाचे पान वापरतात, दुसऱ्याचे बी. पण दोन्हींत कॅफिन नावाचे द्रव्य असते. १८१९ साली रुंगे या जर्मन शास्त्रज्ञाने ते कॉफीच्या बियांतून वेगळे काढले. दिवसभर काम केले की आपल्या मेंदूत एक द्रव्य साठत जाते आणि ते मेंदूला ‘आता झोप’ अशी सूचना देते. कॅफिन त्या सूचनेची जागा अडवून बसते. म्हणून तरतरी वाटते. अंगातला थकवा मात्र कुठे गेलेला नसतो, त्याची खबर तेवढी दाबलेली असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत दिलेल्या आकड्यांनुसार १५० मिलिलिटर कपाचा हिशेब असा: चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, पाण्यात लगेच विरघळणाऱ्या पुडीच्या कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम आणि बिया दळून केलेल्या फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन. दिवसभरात ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असे ही संस्था सांगते. म्हणजे धडधाकट मोठ्या माणसाने दिवसाला तीन-चार साधे कप घेतले तर आकाश कोसळत नाही.

जायफळ घातले म्हणजे कॉफीची बाधा होत नाही, असेही म्हणतात. जायफळाने वास आणि चव येते. कपातले कॅफिन होते तेवढेच राहते.

चहाने माणूस काळा होतो का?

मुलींना तर हे हमखास ऐकवले जाते. ‘चहा पिऊ नकोस, काळी होशील.’ हे पूर्णपणे खोटे आहे. कातडीचा रंग मेलॅनिन या द्रव्यावर अवलंबून असतो आणि तो आईबापांकडून येतो. उन्हात राबले की तो थोडा गडद होतो. पोटात गेलेला चहा किंवा कॉफी कातडीपर्यंत रंग घेऊन जात नाही. तसे असते तर दूध पिणारे सगळे पांढरेफटक झाले असते. लहान मुलांना चहापासून दूर ठेवायची कारणे दुसरी आहेत, ती पुढे येतीलच. पण त्यासाठी पोरीच्या मनात स्वतःच्या रंगाची भीती घालू नये. काळेपणा हा काही आजार नव्हे, की ज्याच्यापासून लेकराला वाचवावे.

कॉफीने उंची खुंटते का?

कॉफी प्यायल्याने मुलांची उंची खुंटते याला पुरावा मिळालेला नाही. ही भीती पसरवण्यात धंद्याचाही हात होता. अमेरिकेत १८९५ साली पोस्ट नावाच्या उद्योजकाने भाजलेल्या धान्याचे ‘पोस्टम’ हे पेय बाजारात आणले. आपला माल खपावा म्हणून त्याने कॉफी किती घातक आहे, मुलांना ती कशी देऊ नये, अशा जाहिरातींचा धडाका लावला. पोस्टमचा जमाना गेला, भीती मात्र उरली. आधी भीती विकायची आणि मग तिच्यावरचा उपाय विकायचा, हा बाजाराचा जुना मार्ग आहे. आजच्या जाहिराती पाहतानाही तो ध्यानात ठेवावा.

कॉफीने कर्करोग होतो का?

या प्रश्नाची हकिकत शिकण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगावर संशोधन करणारी एक संस्था आहे. १९९१ साली तिने कॉफीमुळे मूत्राशयाचा कर्करोग होण्याची शक्यता आहे, असे म्हटले. पुढे अभ्यास वाढले. २०१६ साली त्याच संस्थेने हजारावर अभ्यास पुन्हा तपासले आणि कॉफीला त्या यादीतून काढले. आधीच्या मताला चिकटून न बसता नवा पुरावा मिळाल्यावर मत बदलायचे, हीच शास्त्राची रीत.

पण त्याच वेळी संस्थेने दुसरा इशारा दिला. कोणतेही पेय ६५ अंशांहून अधिक गरम प्यायल्याने अन्ननलिकेचा कर्करोग होण्याचा संभव आहे. दोष चहाचा नाही, कॉफीचा नाही, तो आचेचा आहे. कामावर जायची घाई म्हणून चुलीवरचा उकळता चहा घशाखाली ओतणाऱ्यांनी हे ऐकावे. बशीत ओतून, फुंकर घालून पिण्याची आपली जुनी सवय हसण्यासारखी नाही, ती शहाणपणाचीच आहे.

काळी कॉफी दिली की दारू उतरते का?

अनेक घरांत हा प्रयोग होतो. नवरा झिंगून आला की बायको बिचारी कडक काळी कॉफी करून देते. लग्नाच्या वरातीनंतर मित्र एकमेकांना कॉफी पाजतात आणि मोटरसायकलला किक मारतात. ही समजूत खोटी आहे आणि जीवघेणी आहे. रक्तातली दारू यकृतच मोडून काढते आणि ते आपल्या ठरलेल्या वेगानेच काम करते. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही तो वेग वाढत नाही. होते एवढेच, की झोपाळू दारुड्याचा जागा दारुडा होतो. आपण शुद्धीवर आहोत असे त्याला वाटते, पण हात आणि डोळे साथ देत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त दारू असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. कॉफी पिऊन तो आकडा बदलत नाही. तेव्हा प्यायलेल्या माणसाला कॉफी पाजून कामावर किंवा गाडीवर पाठवू नका. त्याची किल्ली काढून घ्या.

जखमेवर कॉफीची पूड, जुलाबावर कॉफी-लिंबू

विळीने बोट कापले, कारखान्यात पत्रा लागला, की डब्यातली कॉफीची पूड जखमेत दाबायची, हा प्रकार सर्रास दिसतो. रक्त थांबल्यासारखे वाटते खरे. पण ती पूड जंतुविरहित नसते. ती जखमेत चिकटून बसते आणि दवाखान्यात गेल्यावर जखम साफ करताना त्रास वाढतो. स्वच्छ फडक्याने जखम दहा मिनिटे घट्ट दाबून धरावी. फडके सारखे उचलून पाहू नये. रक्त थांबले की स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. रक्त थांबतच नसेल, किंवा जखम खोल असेल, तर दाब तसाच ठेवून लगेच दवाखाना गाठावा.

जुलाब लागले की काळ्या कॉफीत लिंबू पिळून देतात. कॉफीने उलट आतड्यांची हालचाल वाढते. आणि जुलाबात माणूस दगावतो तो अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने. विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत अशा घरगुती उपायात वेळ घालवू नये. सरकारी दवाखान्यात ओआरएसची पुडी मिळते. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट भरलेले सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पाजत राहावे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, तर तसेच दवाखान्यात न्यावे.

रात्र जागून अभ्यास

परीक्षेच्या काळात आई मोठ्या कौतुकाने मुलाला रात्री बाराला कॉफी करून देते. कॉफीने डोळे उघडे राहतात हे खरे. पण दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेत. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे अंगातून जायलाच साधारण पाच तास लागतात. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम एवढे भरपूर कॅफिन दिले, तरीही झोप तासाहून अधिक घटली. रात्रपाळी करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. कप पाळीच्या सुरुवातीला घ्यावा. घरी येऊन झोपायचे असेल तर पाळी संपता संपता घेऊ नये.

डोकेदुखीवर कॉफी ही समजूत मात्र अगदी खोटी नाही. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन घातलेले असते. पण रोज चार-पाच कप घेणाऱ्याला एक दिवस कप मिळाला नाही तर त्यानेही डोके दुखते. म्हणजे दुखणे आणि औषध एकाच कपात. कमी करायचे असेल तर एकदम न सोडता थोडे थोडे कमी करावे.

खरे नुकसान कुठे आहे?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. चहात आणि कॉफीत कॅफिनबरोबर आणखी काही तुरट द्रव्ये असतात. ही द्रव्ये अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते लोह रक्तात न जाता शरीराबाहेर पडते. १९८३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की जेवणाबरोबर एक कप कॉफी घेतली तर लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटते आणि एक कप चहा घेतला तर ६४ टक्क्यांनी. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काही बिघडले नाही. जेवणानंतर तासाने घेतली तेव्हा मात्र नुकसान तेवढेच झाले. दूध घातल्याने फारसा फरक पडत नाही, हेही पुढच्या अभ्यासांत दिसले.

मटण, कलेजी, मासे यांतल्या लोहाला हा धोका कमी असतो. पण आपल्या रोजच्या ताटात असते भाकरी, डाळ, पालेभाजी. त्यांतले लोह मुळातच कमी शोषले जाते आणि चहा त्यावरच हात मारतो.

आता आपल्या घरातली सकाळ पाहा. मुले रात्रीची चपाती चहात बुडवून खातात, नाहीतर बटर, टोस्ट, पाव. बाई पहाटे उठते, पाणी भरते, डबे करते, आणि स्वतः कपभर चहा घेऊन कामाला बाहेर पडते. दुपारपर्यंत पोटात दुसरे काही नाही. दुपारी सगळ्यांच्या शेवटी उरलेसुरले खाते आणि लगेच पुन्हा चहा. चहाने भूक मरते असे ती म्हणते. भूक दबते हे खरे, पण अंगाला लागते फक्त कपातली साखर आणि चमचाभर दूध.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. पाच वर्षांखालच्या मुलांत हे प्रमाण शंभराला जवळजवळ ६९ होते. याला एकटा चहा जबाबदार आहे असे नाही. अपुरे आणि निकस अन्न, पाळीतला रक्तस्राव, पाठोपाठची बाळंतपणे, पोटातले जंत, आणि बाईने सर्वांच्या मागून जेवायचे ही रूढी, ही सगळी कारणे आहेत. पण जे थोडे लोह ताटात येते, तेही चहाच्या कपामुळे वाया जाऊ नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

यातली सर्वांत दुःखाची गोष्ट अशी, की रक्त कमी झाले म्हणजे थकवा येतो, चक्कर येते, डोके जड होते, जिना चढताना धाप लागते. आणि या प्रत्येक तक्रारीवर घरात एकच उपाय सांगितला जातो: ‘कपभर चहा घे, बरे वाटेल.’ घडीभर बरे वाटतेही, कारण थकव्याची खबर दबते. दुखणे आत तसेच वाढत राहते. वर्षानुवर्षे ज्या बाईला ‘अशक्तपणा आहे’ म्हणून कॉफी पाजली जाते, तिचे हिमोग्लोबिन एकदा तपासायला हवे होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. मोठ्या बाईत ते १२ च्या खाली आणि गरोदर बाईत ११ च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय समजावा आणि उपचार घ्यावेत.

सरकारी दवाखान्यातून, अंगणवाडीतून आणि शाळेतून लोहाच्या गोळ्या मिळतात. गरोदर बायकांना लाल, शाळेच्या मोठ्या मुलामुलींना निळी. ही गोळी चहाबरोबर घेऊ नये. पाण्याबरोबर घ्यावी, लिंबूपाण्याबरोबर घेतली तर अधिक चांगले. कॅल्शियमची गोळी आणि ही गोळी एकाच वेळी घेऊ नयेत. गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरून ती फेकून देऊ नये.

गरोदरपणी आणि तान्ह्या बाळाला

कॉफी उष्ण पडते म्हणून पोटुशी बाईला देऊ नये असे म्हणतात. उष्ण-थंडचा हिशेब सोडून द्या, पण इथे जपायला हवे हे खरे आहे. गरोदरपणी कॅफिन अंगातून लवकर जात नाही आणि ते पोटातल्या बाळापर्यंत पोचते. दिवसाला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅफिन घेणाऱ्या गरोदर बायकांनी ते कमी करावे, म्हणजे गर्भ जाण्याचा आणि बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका घटतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली सांगितले. युरोपातली अन्न सुरक्षा संस्था तर २०० वरच थांबायला सांगते. तेव्हा चहा-कॉफी मिळून दिवसाला दोन कप पुरे.

तान्ह्या बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय दुसरे काही नको. पाणीही नको, मग चहा कुठला? बाळ रडते म्हणून बाटलीत किंवा बोंडल्यात पातळ चहा भरून देण्याची सवय काही घरांत आहे. नवजात बाळाचे यकृत कॅफिन मोडू शकत नाही, ते दिवसेंदिवस अंगात राहते. आणि मोठ्या झालेल्या लेकराचे इवलेसे पोट चहा-बिस्किटाने भरले, तर वरण-भात, अंडे, नाचणीची लापशी यांना जागाच उरत नाही. मुलाला चहा द्यायचा नाही तो या कारणासाठी.

मग करायचे काय?

माता-भगिनींनो, चहा सोडा असे कोणी म्हणत नाही. कष्ट करणाऱ्या माणसाच्या दिवसात तेवढाच एक विसावा असतो. फक्त त्याची वेळ बदला. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी घेऊ नये, असे राष्ट्रीय पोषण संस्थाही सांगते. जेवणानंतर दीड-दोन तास थांबता आले तर अधिक चांगले. सकाळची चपाती चहाऐवजी भाजीबरोबर, शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, उसळीबरोबर खा. मुलांनाही तीच द्या. जेवताना ताटात लिंबाची फोड असू द्या, पेरू किंवा आवळा मिळाला तर तो खा, कारण त्यांतल्या क जीवनसत्त्वाने लोह रक्तात जास्त जाते. या बदलाला फारसा पैसा लागत नाही.

आणि घरातल्या पुरुषांनीही एक करावे. बायको किंवा आई थकली म्हणाली, तर तिच्या हातात कप देऊन मोकळे होऊ नये. तिला आपल्याबरोबर जेवायला बसवावे, आणि या आठवड्यात एक दिवस सवड काढून तिला रक्त तपासायला घेऊन जावे.